वखारीतली तुला

वच्छलाबाई पोरीला जेवायला वाढायची ती दार सताड उघडं ठेवून. उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत बाकीच्या बायका जेवणवेळेला पडदा ओढून घेत. हिच्या घरातलं ताट मात्र रस्त्यावरून दिसे. भाकरीवरचं तूप दिसे, वाटीतलं वरण दिसे. वाढताना ती गरजेपेक्षा मोठ्याने बोले. "अजून घे. अर्धी घे, पण घे." ते पोरीला कमी आणि गल्लीला जास्त ऐकू जावं असं असायचं.

कारण पोर तिची नव्हती.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसांत वच्छलाबाई करमाडजवळच्या एका वस्तीवर जन्मली. बाळंतिणीची खाट उभ्या बाजरीत नेऊन टाकली होती, असं तिची आई सांगे. गावात कोण कोणाला शोधत येईल याचा भरवसा नव्हता. वच्छलाबाई ही गोष्ट स्वतःहून कधी काढत नसे. पण दाराबाहेर पाऊल वाजलं की तिचा हात कामावर थांबायचा. पाऊल ओळखीचं निघालं तरी तो लगेच हलायचा नाही.

पहिल्या नवऱ्याने मूल होत नाही म्हणून तिला माहेरी आणून सोडलं. मग पुंजारामचं स्थळ आलं. एस.टी.च्या वर्कशॉपात कामाला, बायको वारलेली, पदरात पाच वर्षांची लेक. लग्नात मंगळसूत्राबरोबर तिच्या गळ्यात चांदीचा एक छोटा टाक बांधला गेला. त्यावर ठोकून काढलेली बाई म्हणजे भागूबाई, पुंजारामची पहिली. सवतीला असं गळ्यात वागवलं की ती घरावर कोपत नाही. वच्छलाबाईने टाक निमूट घातला. अंघोळीच्या वेळी तो छातीवर गार लागे आणि तिला वाटे, ही आता जागी झाली. मेलेल्या बाईची भाजी कधी खारट होत नाही. तिचा हात लेकरावर कधी उगारला जात नाही. तिच्याशी बरोबरी करायची तर कुठून सुरुवात करायची, हे वच्छलाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तिने खाऊ घालण्यापासून सुरुवात केली.

कौसल्या तिला मावशी म्हणायची. पोर अंगाने गुटगुटीत होती, पुढे चांगली भरली. तिचे गोल दंड पाहून वच्छलाबाईला उन्हात वाळत घातलेलं धान्य पाहिल्यासारखं समाधान वाटे. हा तिचा पुरावा होता. समोरच्या साळूबाईने काहीही कुजबुजावं, पोरीच्या गालांसमोर तिचं चालायचं नाही.

चौऱ्याऐंशी साली संक्रांतीला कौसल्येचा मामा आला. नानासाहेब देवगाव रंगारीच्या अलीकडच्या एका वाडीत राहायचा. जमीनजुमला होता, वाडीत शब्दाला वजन होतं. दर सणाला भाचीला कपडे आणायचा, आणि आल्या आल्या आधी भाचीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा, बाजारात गुरं न्याहाळतात तसा. मग चहा.

"दाजी," तो पुंजारामला म्हणाला, "भागूचा नवस राह्यलाय."

नवस सगळ्यांना ठाऊक होता. कौसल्या अंगावर पीत होती तेव्हा तापाने फणफणली, आणि भागूबाईने वाडीच्या माळावरच्या देवीला बोलून ठेवलं, पोर वाचली तर शहाणी झाल्यावर तिच्या भारंभार गूळ वाहीन. पोर वाचली. दोन वर्षांनी भागूबाईच गेली.

"यंदा चैत्राच्या जत्रंत करून टाकू. पुढच्या साली दहावी, मग पाहुणे येतेत बघायला. नवस अंगावर ठिवून लेक उजवता येत नाय." नानासाहेबाने बशी खाली ठेवली आणि वच्छलाबाईकडे न पाहता म्हणाला, "भार किती भरतो ते दिसंलच की सगळ्यांला."

ते वाक्य कशासाठी होतं, हे वच्छलाबाईला बरोबर कळलं. माळावरच्या चिंचेला मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात माणूस बसतं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढतात. प्रत्येक ढेपेला लोक ओरडून आकडा म्हणतात. सावत्र आई कशी आहे हे तिथे भर जत्रेत जोखलं जाणार होतं. तिला बरंच वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे. तिने दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या दुधात साय ढवळायला सुरुवात केली.

आतल्या खोलीत कौसल्याही ते ऐकत होती.

महिनाभरात पोरीचे गाल बसले.

आधी वच्छलाबाईला ते अभ्यासाने वाटलं. मग रिकाम्या ताटांचा तिला संशय आला. ताट इतकं चाटूनपुसून स्वच्छ असायचं की त्यात कोणी जेवलं असेल असं वाटायचं नाही. एक दिवस मागच्या बोळात साळूबाईची शेळी तुपाची भाकरी खाताना दिसली. तुपाची भाकरी गल्लीत एकाच घरात होत होती.

"कौसे, भाकरी शेळीला घातली व्हय?"

"पडली होती खाली."

"पडली तर मला सांगायचं. दुसरी दिली असती."

"म्हणूनच नाय सांगितलं," पोर म्हणाली.

हे उत्तर वच्छलाबाई दिवसभर मनात उलटंसुलटं करत राहिली. तिने एकच निष्कर्ष काढला: पोर मुद्दाम करतेय. चैत्रात पारड्यात बसायचं, भार कमी भरायचा, आणि भर जत्रेत मावशीच्या तोंडाला काळं फासायचं. एवढी वर्षं जे मनात साठवलं ते असं काढायचं. पंधरा वर्षांची पोर, पण रक्त नानासाहेबाच्या घरचं. वच्छलाबाई आता ताटासमोर बसून राहायला लागली. घास तोंडात जातो का, गिळला जातो का, पाहायला लागली. पोर घास गिळायची आणि मावशीच्या डोळ्यांत बघायची. दोघी एकमेकींवर पहारा देत होत्या. पुंजाराम मधे बसून खाली मान घालून जेवायचा आणि हात धुवायला सगळ्यात आधी उठायचा.

होळीला नानासाहेब पुन्हा आला. ह्या वेळी सण हे निमित्तच होतं. कोणीतरी वाडीपर्यंत बातमी पोचवली होती. साळूबाईची बहीण त्याच बाजूला दिली होती, त्यामुळे कोणी पोचवली ते शोधायला लांब जावं लागलं नाही.

त्याने भाचीचं मनगट हातात धरलं. बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या.

"बाई, पोरीला घालता काय तुम्ही?"

वच्छलाबाईने उतरंडीवरची डबे-मडकी एकेक करून त्याच्यासमोर मांडली. पीठ, डाळ, तूप, शेंगदाणे. "बघा. डॉक्टरचं टॉनिक बी हाय. उघडून बघा."

"डबे भरल्याले दिसतेत," नानासाहेब म्हणाला. "ते पोटात गेले असते तर रिकामे दिसले असते."

"मामा, मीच खात नाय," कौसल्या म्हणाली.

"तू गप. तुला काय बोलायचं ते कोणी शिकवलं ते मला कळतं." तो उठला. "दाजी, ऐकून ठिवा. चैत्रात पाच माणसांदेखत पोरीची तुला होईल. भार भरला तर मी ह्यांच्या पाया पडंन. नाय भरला तर पोर तिथूनच माझ्या घरी. तुमच्या उंबऱ्यात परत यायची नाय."

पुंजारामने पंच्याने तोंड पुसलं.

वाडीत शाळा सातवीपर्यंत. पोर तिकडे गेली की पुस्तकं संपली, आणि वर्षाच्या आत लग्न. हे कौसल्येलाही कळत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग आता तरी खाईल, असं वच्छलाबाईला वाटलं. पोरीने खाल्लं. समोर बसून, मुकाट्याने, दोन भाकरी. आणि थोड्या वेळाने न्हाणीतून वच्छलाबाईला उलटीचा आवाज आला. वर पाण्याचा नळ सोडलेला. नळाच्या आवाजाखाली तो आवाज लपेल असं पोरीला वाटलं असावं.

वच्छलाबाई न्हाणीच्या दाराशी उभी राहिली आणि तिच्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला. पोर ह्या महिन्यात बाजूला बसली नव्हती. त्याच्या आधीच्या महिन्यात? तिने आठवून पाहिलं. तेव्हाही नाही. वेगळं अंथरूण निघालं नव्हतं, वेगळं ताट निघालं नव्हतं. उलट्या. अन्न नको. तोंड उतरलेलं. प्रश्न विचारला की नजर चुकवणं. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला ह्या खुणा पाठ असतात. तिने स्वतःच्या अंगात त्या कितीतरी वर्षं शोधलेल्या असतात.

गळ्यातला टाक तिने मुठीत धरला. भागूबाईला काय सांगायचं?

कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त लक्ष ठेवलं. आणि लक्षात आलं की दर गुरुवारी कौसल्या शाळेनंतर मैत्रिणीकडे जाते म्हणते आणि येताना तिच्या चपलांना स्टेशनच्या रस्त्यावरची काळी धूळ असते.

पुढच्या गुरुवारी वच्छलाबाई डोक्यावर पदर घेऊन तिच्या मागे निघाली. पोर एकटीच, दप्तर छातीशी धरून चालत होती. एकदा थांबून तिने मागे पाहिलं. वच्छलाबाई उसाच्या रसाच्या गाड्याआड झाली. रसवाला म्हणाला, "मावशी, अर्धा का फुल?" तिने त्याला हाताने गप्प केलं. तिला खात्री होती. स्टेशनवर कोणीतरी असणार. कँटीनमधला, नाहीतर रेल्वेतला, नाहीतर कोणी लगीन झालेला. तिने त्याचा चेहराही ठरवून टाकला होता: बारीक मिशी, रंगीत रुमाल.

स्टेशनच्या मोठ्या दालनात एक वजनाचं यंत्र होतं. वर काच, काचेमागे फिरणारी चकती आणि रंगीत दिवे. कौसल्येने दप्तर खाली ठेवलं. चपला काढल्या. आजूबाजूला पाहिलं, आणि बांगड्याही काढून दप्तरावर ठेवल्या. मग ती यंत्रावर चढली आणि नाणं टाकलं. दिवे फिरले, खटका वाजला, तिकीट पडलं. तिने ते वाचलं. तिचा चेहरा वच्छलाबाईला खांबाआडून दिसत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोर हसली होती. मग तिने तिकिटाचे बारीक तुकडे केले.

वच्छलाबाईने येऊन तिचं मनगट धरलं.

"कोण येणार हाय?"

"मावशी! तू इथं..."

"कोण येणार हाय ते सांग. मला बघू दे त्याला."

"कोणीच नाय."

"बस इथं." तिने पोरीला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली, मनगट न सोडता. "आपण दोघी वाट बघू."

त्या बसून राहिल्या. मनमाडकडून गाडी आली. हमाल धावले, माणसं उतरली, टांगेवाले ओरडले, गाडी गेली. बारीक मिशीचे दोन-तीन जण समोरून गेले आणि वच्छलाबाईने प्रत्येकाकडे असं रोखून पाहिलं की एकाने शर्टाची बटणं तपासली. कोणी थांबलं नाही. दालन रिकामं झालं.

"मावशी, हात दुखतोय."

"तू बाजूला बसली नायस. दोन महिने. उलट्या करतीस. मला आंधळी समजतीस का?"

पोरीला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती हसायला लागली, आणि ते हसणं मधेच मोडून दुसरंच काही झालं. वच्छलाबाईने घाबरून तिच्या तोंडावर पदर धरला.

"मी मुद्दाम काढते, मावशी," पदराआडून पोर म्हणाली. "खाल्लेलं. मीच काढते. कोणी नाय माझं. माझ्याकडं कोण बघंल?"

"का पण? माझ्यावर सूड घ्यायला?"

"तुझ्यावर?" कौसल्येने डोळे पुसले आणि तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तुझा काय संबंध? मला चैत्रात त्या पारड्यात बसायचंय. सगळी वाडी गोळा होऊन ओरडणार, एक, दोन, तीन. वाडीची सुमन शिकायला इथं राहते, आमच्या वर्गात आहे. तिनं सांगून टाकलंय सगळ्यांना. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून आकडे म्हणतात. ढेप आली म्हणतात. कवायतीच्या बाईसुद्धा हसल्या." ती थांबली. "जत्रेला येणार आहेत त्या पोरी. बघायला."

"अगं, आता तर तू निस्ती काडी..."

"नाय. आरशात नाय दिसत तसं."

वच्छलाबाईने यंत्राच्या काचेत पाहिलं. काचेत एक सुकलेली पोर होती, गळ्याची हाडं वर आलेली. ही पोर त्याच काचेत दुसरंच कोणीतरी पाहत होती. ह्या गोष्टीची तिला भीती वाटली, पोटातल्या मुलापेक्षाही जास्त. त्या भीतीला निदान नाव होतं.

"मामाला मी जड पाहिजे," कौसल्या म्हणाली. "तुलाही जड पाहिजे. दार उघडं ठेवून खाऊ घालतीस. मला नाय घालत तू. गल्लीला घालतीस."

वच्छलाबाईला बोलायचं होतं. ताप आला तेव्हा मी उशाशी बसले, तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या शाळेसाठी नवऱ्याशी भांडले. सगळं खरं होतं. पण पोर म्हणाली तेही खरं होतं. तिने मनगट सोडलं. तिथे तिच्या बोटांचे वळ उठले होते.

नानासाहेबाला खरं सांगावं, असं तिला घरी आल्यावर वाटलं. मग तिने तो प्रसंग मनात रंगवून पाहिला. तो म्हणेल, पोर लाजेने उपाशी राहते? पढवून आणलंय. आणि वाडी हसेल. सुमनला वर्गासाठी नवा विषय मिळेल. आपलं नाव सुटेल की नाही देव जाणे, पोरीचं मात्र नक्की जाईल. दुसऱ्या बाजूला जत्रा पंधरवड्यावर आली होती. बसवलं तर पोर तिथे मरेल, नाहीतर तिथून मामाच्या घरी जाईल. न बसवलं तर नवस मोडला, आणि नवस मोडणारी सावत्र आई. कुठूनही पाहिलं तरी वाट एकाच दिशेला जात होती. तिला फक्त पोर वाचवायची की पुरावा वाचवायचा एवढंच ठरवायचं होतं.

"नवस तुमच्या बायकोचा," तिने पुंजारामला विचारलं, "लेक तुमची. जत्रंतच फेडायचा असं बोलली होती का ती?"

पुंजाराम विचारात पडला. "भारंभार गूळ, एवढंच म्हणली होती."

"मग गूळ आणा. पोत्यात झाकून आणा."

"नाना म्हणंल तू भार लपवला."

"म्हणू द्या."

"तो पोर मागंल."

"तेव्हा तुम्ही तोंड उघडा. ह्या जन्मी एकदा." 

पुंजारामने गूळ आणला.

गल्लीच्या टोकाला चांदपाशाची लाकडाची वखार होती. लोखंडी दांड्याला साखळ्यांनी टांगलेली दोन फळ्यांची पारडी, बैलगाडीभर लाकूड पेलणारी. वच्छलाबाई शुक्रवारी दुपारी गेली तेव्हा चांदपाशा टोपी घालून नमाजाला निघायच्या बेतात होता.

"बोला भाभी, बाभूळ देऊ का लिंब?"

"लाकूड नको. तराजू पायजे. घटकाभर."

"घर को ले जाते क्या? दोन बैल लागतील."

"इथंच. पोरीला जोखायचंय. देवीचा नवस हाय. कोणी बघायला नको."

चांदपाशाने कौसल्येकडे पाहिलं. ती लाकडांच्या थप्पीआड उभी होती. त्याने काही विचारलं नाही. त्या गल्लीत असं क्वचितच घडायचं. त्याने मोकळी पारडी हलवून पाहिली आणि एका साखळीला बांधलेल्या दगडाला हात लावला. "ये पासंग है. दोन्ही पारडी सारखी राहतात ह्याच्यानं. इसको हात नक्को लगाना. बाकी तराजू तुमचा." जाताना त्याने फाटक ओढून घेतलं. पुंजाराम फाटकाबाहेर पाठ करून उभा राहिला.

पोरीने चपला काढल्या, बांगड्या काढल्या, केसातल्या पिना काढल्या.

"डोळे मीट," कौसल्या म्हणाली.

"डोळे मिटले तर ढेपा काय देवी येऊन ठिवील?"

"मग माझ्याकडं बघू नको."

"काट्याकडं बघते."

पोर फळीवर मांडी घालून बसली आणि तिनेच डोळे मिटून घेतले. वच्छलाबाईने ढेपा चढवायला सुरुवात केली. वखारीत ओल्या सालींचा वास होता. वर पत्र्यावर कबुतरं चालत होती; त्यांच्या पायांचा आवाज येई तेव्हा दोघी दचकत. काही ढेपा चढल्यावर साखळी कुरकुरली आणि पोरीचं पारडं जमिनीवरून सुटलं. तिच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला. पारडी वरखाली झाली, मग सावकाश एका रेषेत आली.

एक ढेप पोत्यात उरली होती. वच्छलाबाईचा हात तिच्याकडे गेला. सवयीने. अजून एक, म्हणजे भार भरल्यासारखा दिसेल. हात ढेपेवर ठेवल्यावर तिला कळलं की इथे दाखवायला कोणी नाही. समोर नुसती लाकडं होती. तिने हात मागे घेतला, आणि त्या क्षणी तिला फार एकटं वाटलं. आयुष्यभर कोणीतरी पाहत होतं. आज ती कोणासाठी काय करत होती हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकणार नव्हतं.

"झालं?"

"झालं. उतर."

"किती?"

"मोजल्या नाय."

खरं तर हाताने मोजल्या होत्या. तो आकडा पुढे तिने कोणालाही सांगितला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. चांदपाशाची कुऱ्हाड भिंतीला होती. तिच्या पाठीने दोघींनी मिळून सगळ्या ढेपा फोडल्या, पार खडे होईपर्यंत. मोजता येईल असं काहीच उरू द्यायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळच्या गाडीने तिघं वाडीला गेली. माळावर जत्रेचा मागमूस नव्हता. गुरवाने गूळ देवीसमोर ओतून घेतला, ओटी भरली, आणि मग वच्छलाबाईने दोन्ही हातांनी वाटायला सुरुवात केली. मेंढरांमागच्या पोरांना, सरपण नेणाऱ्या बायकांना, उरलेला गायींना. ती इतक्या घाईने वाटत होती की गुरवीण म्हणाली, "बया, देवी काय पळून चालली का?"

नानासाहेब मोटारसायकलवरून आला तेव्हा पोतं झटकून झालं होतं.

"हे काय केलं?"

"नवस फेडला," वच्छलाबाई म्हणाली. "भारंभार."

"कुणादेखत?"

"देवीदेखत."

"देवी साक्ष द्यायला येणार हाय का?" त्याने भाचीकडे पाहिलं. तिच्या अंगावर पोलकं लोंबत होतं. "दिसतंय मला. भर जत्रंत उघडं पडलं असतं म्हणून चोरून उरकलंत. माझ्या बहिणीचा नवस चोरून. कौसे, गाडीवर बस."

वच्छलाबाईने तोंड उघडलं. सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. पोर तिच्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत पूर्ण संशय होता: आता ही मला विकणार. गुरवीण कान देऊन उभी होती. सरपणाच्या बायका थांबल्या होत्या.

"व्हय," वच्छलाबाई म्हणाली. "लपवला भार. माझ्या हातून खाण्यापिण्याची हयगय झाली. आता नाय व्हायची."

गुरवीण "अगं बाई" म्हणाली.

"ऐकलं, दाजी? स्वतःच्या तोंडानं!"

पुंजाराम पुढे आला. तो खाकरला. "नाना, लेक माझी हाय. ती शाळंत जाईल."

"हिच्या हातचं खाऊन?"

"माझ्या घरचं खाऊन."

"मामा, मी मावशीबरोबर जाते," कौसल्या म्हणाली.

"धाक घातलाय पोरीला," नानासाहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाला. त्याने गाडीला लाथ मारली. ती तिसऱ्या वेळेला सुरू झाली. त्यानंतर तो त्या घरी पाणी प्यायला नाही. वच्छलाबाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं ही बातमी साळूबाईकडे त्यांच्या आधी पोचली, आणि गल्लीने ती पुढची कितीतरी वर्षं, कौसल्येच्या लग्नात, वच्छलाबाईच्या आजारपणात, दर वेळी नवी असल्यासारखी सांगितली.

परतीच्या गाडीत पुंजाराम पुढे बसला. कौसल्या वच्छलाबाईच्या शेजारी, दांड्याला धरून. गुरविणीने प्रसादाचा एक खडा तिच्या हातात कोंबला होता. तो अजून मुठीत होता, मूठ चिकट झाली असणार. गाडी फाट्यावर वळली. पोरीचा हात हलला, तोंडाकडे गेला असावा, किंवा खिडकीकडे. वच्छलाबाईच्या मानेची शीर ताणली गेली. नुसते डोळे वळवले असते तरी कळलं असतं.

ती समोरच्या बाकाच्या पाठीवरचा फाटका रेक्झिन बघत राहिली.